युनियनची पावती फाडण्यापूर्वी आणि फाडल्यानंतर: नव्या कामगारासाठी मार्गदर्शन

औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलेल्या नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण सांगतो, "कायम होईपर्यंत युनियनच्या नादी लागू नकोस, मान खाली घालून काम कर." दुसरा सांगतो, "पावती फाड, पुढचं युनियन बघून घेईल." दोघेही आपापल्या अनुभवातून बोलत असतात आणि दोघांच्या बोलण्यात निम्मे तथ्य असते. मी एका कामगार संघटनेच्या कार्यालयात वर्गणीच्या पावत्या लिहिण्यापासून सुरुवात केली आणि पुढे बरीच वर्षे करारांचे मसुदे व चौकशीचे कागद हाताळले. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. युनियनचा खरा फायदा कागदात असतो. एकट्या कामगाराला तोंडी मिळालेली सवलत साहेब बदलला की जाते, आणि तीच सवलत संघटनेच्या सहीने करारात उतरली की मागून घेण्याची वस्तू न राहता हक्काची होते. पुढील मजकूर मुख्यतः महाराष्ट्रातील कारखान्यांत नव्याने लागलेल्या कामगारांसाठी आहे, आणि ज्यांच्या कामाला कारखान्याची भिंतच नाही त्यांच्यासाठी शेवटाकडे थोडे लिहिले आहे.

आधी स्वतःचे कागद तपासावेत

युनियनच्या कार्यालयात जाण्यापूर्वी एका पिशवीत चार गोष्टी जमा कराव्यात: नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रकांच्या प्रती, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आणि ओळखपत्राची दोन्ही बाजूंची झेरॉक्स. ओळखपत्रावर कंपनीचे नाव आहे की कंत्राटदाराचे, हे अनेकांनी कधी वाचलेलेच नसते, आणि पुढचे सगळे त्याच एका ओळीवर अवलंबून असते. कंत्राटदाराच्या हजेरीपटावरील कामगाराला कंपनीतील कायम कामगारांच्या युनियनचे सभासदत्व मिळेलच असे नाही, कारण ते त्या युनियनच्या घटनेवर ठरते. म्हणून हा प्रश्न पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावा. नेमणूकपत्र हाती नसल्यास ते लेखी मागावे. जुने कामगार कायदे एकत्र करून आलेल्या नव्या कामगार संहितांनी ते देणे मालकावर बंधनकारक केले आहे.

आपण कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' आहोत का, हेही पाहून घ्यावे. पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस औद्योगिक संबंध संहितेतील कामगाराच्या व्याख्येबाहेर जातो. मात्र व्हिजिटिंग कार्डावर 'सुपरवायझर' छापले म्हणून कोणी पर्यवेक्षक होत नाही. प्रत्यक्षात तो रजा मंजूर करतो का, काम वाटून देतो का, की आठ तास स्वतःच मशीनवर उभा असतो, यावर ते ठरते. टेम्पररी कामगाराने आपल्या 'ब्रेक'च्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. सात महिने काम, मग ब्रेक, मग नव्या नावाने नवे पत्र, हा आपल्याकडचा जुना रिवाज २४० दिवसांची सलग सेवा भरू नये म्हणून चालतो, आणि वाद उभा राहिल्यावर त्या तारखा स्मरणातून सांगणारा कामगार बहुधा चुकतो.

हा अधिकार कोठून आला

संघटना स्थापन करणे हा संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ग) अन्वये मूलभूत अधिकार आहे. तो मिळण्यापूर्वीचा इतिहास नव्या कामगाराला थोडा तरी माहीत असावा. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई, अशा त्यातील मागण्या होत्या. साप्ताहिक सुट्टी १८९० मध्ये मिळाली. परंतु लोखंडे यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनला सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता आणि लिखित नियमही नव्हते, अशी नोंद त्या काळच्या सरकारी अहवालातच आहे. १८९७ मध्ये लोखंडे प्लेगने गेले आणि त्यांच्यामागे ती संघटना टिकली नाही.

दुसरा प्रसंग मद्रासचा आहे. तेथील बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या मालकांनी १९२० च्या सुमारास बी. पी. वाडिया आणि मद्रास लेबर युनियनच्या इतर पुढाऱ्यांना न्यायालयात खेचले, आणि कामगारांना संघटित करणे हाच गुन्हा ठरू शकतो हे सर्वांच्या लक्षात आले. त्यानंतर झालेल्या प्रयत्नांतून १९२६ चा कामगार संघटना अधिनियम आला. नोंदणीकृत संघटनेच्या कायदेशीर कामाबद्दल तिच्यावर फौजदारी कटाचा खटला किंवा नुकसानभरपाईचा दिवाणी दावा चालू नये, हे संरक्षण त्या कायद्याने दिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली असून १९२६ चा कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा (म्हणजे नोकरीच्या अटींच्या नियमांचा) कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा हे तिन्ही तिच्यात सामावले गेले आहेत. जुन्या कायद्याखाली वैध नोंदणी असलेल्या संघटनेची नोंदणी नव्या संहितेखालीही धरली जाते. त्यामुळे "आता युनियन राहिली नाही" अशी अफवा कोणी खात्यात पसरवत असेल, तर तिच्याकडे दुर्लक्ष करावे.

फायदा नेमका कोठे दिसतो

सर्वांत ठळक फायदा पगारवाढीच्या करारात दिसतो, आणि नवा कामगार नेमका तेथेच फसतो, कारण तो फक्त वाढीचा आकडा ऐकतो. आपल्याकडील बरेच करार तीन वर्षांचे असतात. गेटसमोरच्या सभेत "सहा हजारांची वाढ" असे जाहीर होते आणि गुलाल उधळला जातो. त्या सहा हजारांतले तीन हजार पहिल्या वर्षी आणि दीड-दीड हजार पुढील दोन वर्षांत मिळणार असतील, तर पहिल्या महिन्याचा पगार हाती आल्यावर चेहरे उतरतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की वाढीतला किती भाग मूळ वेतन आणि महागाई भत्त्यात जातो आणि किती भाग इतर भत्त्यांत. ग्रॅच्युइटी दरवर्षीच्या सेवेला पंधरा दिवसांचे वेतन या दराने, महिन्याचे २६ दिवस धरून काढतात. म्हणजे मूळ वेतनातील १,००० रुपयांच्या वाढीने २६ वर्षे सेवा झालेल्या कामगाराची ग्रॅच्युइटी १५,००० रुपयांनी वाढते. हीच वाढ धुलाई भत्ता किंवा उपस्थिती भत्ता म्हणून आली, तर महिन्याच्या पगारात तेवढेच पैसे दिसतात, पण ग्रॅच्युइटीच्या हिशेबात ते सहसा धरले जात नाहीत. नव्या संहितांतील व्याख्येनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनातच धरावा लागतो. त्यामुळे ही पळवाट बरीच अरुंद झाली आहे, तरीही विभागणी विचारलीच पाहिजे.

हे गणित एकटा कामगार व्यवस्थापनासमोर बसून मांडू शकत नाही. त्याच्याकडे शेजारच्या कारखान्यांतील करारांच्या प्रती नसतात, कंपनीचा ताळेबंद वाचून दाखवणारे कोणी नसते, आणि मुख्य म्हणजे "नाही" म्हणण्याची ताकद नसते. बरी युनियन या तिन्ही गोष्टी पुरवते. करार कोणासमोर झाला यालाही महत्त्व आहे. मालक-कामगार वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार त्या आस्थापनेतील सर्व कामगारांना, सभासद नसलेल्यांनाही, लागू होतो. दोन पक्षांनी आपसात केलेला करार फक्त त्या पक्षांना बांधतो. वर्गणी न भरता कराराचा लाभ घेणारे सहकारी प्रत्येक खात्यात असतात. त्यांच्यावर चिडण्यात मी उमेदीची दोन वर्षे घालवली. तो वेळ सभासदनोंदणीत घातला असता तर बरे झाले असते.

दुसरा फायदा संकटाच्या दिवशी कळतो. माझ्या माहितीतील एका कारखान्यात प्रेस शॉपमधील एका कामगारावर तिसऱ्या पाळीत झोपल्याचा आरोप आला. त्याला कार्यालयात बोलावून सांगण्यात आले, "दोन ओळी लिहून दे, चूक झाली, पुन्हा होणार नाही, विषय संपला." त्याने लिहून दिले. आठ दिवसांनी इंग्रजीतील आरोपपत्र हाती पडले आणि त्याला जोडलेला पहिला पुरावा त्याचाच माफीनामा होता. तोपर्यंत तो सभासद नव्हता. आरोपपत्र घेऊन तो थेट युनियनच्या समितीसदस्याकडे गेला. समितीने पहिले पत्र तीन ओळींचे दिले: आरोपपत्र मिळाले, ते मराठीत मिळावे, उत्तरासाठी मुदत मिळावी. चौकशीत त्याच्यासोबत संघटनेचा प्रतिनिधी बसला आणि त्याने त्या रात्रीची देखभाल विभागाची नोंदवही मागवली. रात्री अडीच ते चारपर्यंत त्या प्रेसची दुरुस्ती चालू होती, हे तीत स्वच्छ लिहिलेले निघाले. माफीनाम्यामुळे पूर्ण सुटका झाली नाही, चार दिवसांचे निलंबन भोगावे लागले, पण नोकरी वाचली.

यातून नव्या कामगाराने तीन सवयी लावून घ्याव्यात. कोणताही कागद हाती देताना सही मागितली गेली, तर सहीखाली "पोच, मजकूर मान्य नाही" असे लिहून तारीख घालावी. जागच्या जागी माफीनामा लिहून देऊ नये. विचार करण्यासाठी वेळ मागणे हा काही उद्धटपणा नव्हे. आणि चौकशी सुरू असताना निलंबित केले असल्यास निर्वाहभत्ता मागावा. तो पहिल्या ९० दिवसांसाठी वेतनाच्या ५० टक्के असतो, आणि विलंब कामगारामुळे झालेला नसेल तर त्यापुढे ७५ टक्के.

बाकीचे फायदे दिसायला लहान असतात. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो की नाही, बोनस किमान ८.३३ टक्क्यांवर थांबतो की २० टक्क्यांच्या कमाल मर्यादेकडे सरकतो, बसथांबा कोणत्या नाक्यावर असावा, भट्टीजवळ पंखा का नाही, या गोष्टी समितीच्या मासिक बैठकीत सुटतात. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे संहितेने बंधनकारक केले आहे. ती कागदावरच आहे का, हे विचारावे.

असलेली युनियन पारखावी

सगळ्याच युनियन चांगल्या असतात असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. काही युनियन व्यवस्थापनाच्या खिशात असतात, काही एका पुढाऱ्याच्या. सभासद होण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारावा, घटनेची प्रत मागावी, शेवटची निवडणूक कधी झाली ते विचारावे आणि मागील कराराची झेरॉक्स वाचावी. कारखान्यासारख्या संघटित क्षेत्रातील युनियनमध्ये बाहेरचे पदाधिकारी एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी जी संख्या कमी असेल तिच्यापेक्षा जास्त असू शकत नाहीत. बाहेरचा, कायदा जाणणारा अध्यक्ष असणे गैर नाही, अनेकदा ते हिताचेच असते. पण खात्याखात्यातून निवडून आलेली समितीच नसेल, तर करार हॉटेलात होतात आणि कामगारांना ते सूचनाफलकावर वाचायला मिळतात. वर्गणी दिल्यावर छापील क्रमांकाची पावती घ्यावी. "नंतर देतो" म्हणणाऱ्याला वर्गणीही नंतर द्यावी.

युनियन नसेल तर

नोंदणीसाठी किमान सात कामगारांनी अर्ज करावा लागतो, आणि आस्थापनेतील १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद असावे लागतात. २४० कामगारांच्या कारखान्यात हा आकडा २४ होतो, १,५०० च्या कारखान्यात १०० पुरतात, आणि चाळीस जणांच्या वर्कशॉपमध्ये १० टक्के म्हणजे चारच होत असले तरी सातांची अट सुटत नाही.

पहिली बैठक कारखान्याच्या आवारात किंवा कामाच्या वेळेत कधीही घेऊ नये, कारण तेवढ्यावरूनच गैरवर्तनाचा आरोप उभा राहू शकतो. कोणाच्या घरी किंवा देवळाच्या सभामंडपात, सुट्टीच्या दिवशी बसावे. प्रत्येक खात्यातून आणि प्रत्येक पाळीतून एक माणूस असेल असे पाहावे. सातही जण एकाच खात्यातले असले, तर त्या एका खात्याची बदली करून विषय मिटवता येतो. बैठकीत संघटनेचे नाव, घटना, वर्गणी आणि पदाधिकारी ठरवून इतिवृत्त लिहावे व उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात. घटनेत उद्दिष्टे, निधी कशावर खर्च होईल, सभासदत्व कोणाला मिळेल, निवडणूक कशी होईल, हिशेब कोण तपासेल आणि संघटना विसर्जित कशी होईल हे स्पष्ट असावे लागते. अर्ज कामगार आयुक्तालयातील कामगार संघटनांच्या निबंधकांकडे जातो. सध्याचे नमुने आणि शुल्क तेथूनच घ्यावेत. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा जुना नमुना भरून महिनाभर वाया घालवलेले लोक मी पाहिले आहेत. युनियनमध्ये सामील झाल्याबद्दल कामावरून काढणे किंवा छळणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, परंतु ती सिद्ध करण्यासाठी तारखांची नोंद लागते, म्हणून बैठकीच्या दिवसापासून एक वही सुरू करावी.

नोंदणीने मान्यता मिळत नाही

हा फरक नव्यांना उशिरा कळतो. नोंदणीमुळे संघटना कायद्याच्या नजरेत अस्तित्वात येते; मालकाशी करार करण्याचा अधिकार मान्यतेतून येतो. महाराष्ट्रातील १९७१ च्या कायद्याने मान्यतेसाठी ३० टक्के सभासदसंख्येची अट घातली होती. नव्या संहितेनुसार एकाहून अधिक संघटना असल्यास हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटी करते, आणि तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांच्या प्रतिनिधींची वाटाघाटी परिषद बनते. म्हणजे तीन युनियनमध्ये वाटल्या गेलेल्या कारखान्यात तीन वेगवेगळ्या विचारांची माणसे एका टेबलाच्या एकाच बाजूला बसतील. त्यांनी आत जाण्यापूर्वीच एक मागणीपत्र तयार केलेले बरे.

मान्यतेचा प्रश्न किती जिवावर बेतू शकतो, हे मुंबईने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार कामगार नेते दत्ता सामंत यांच्या मागे उभे राहिले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली प्रातिनिधिक युनियनचा, म्हणजे कामगारांच्या वतीने बोलण्याचा, दर्जा मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, आणि तो कायदा रद्द करावा ही संपातील एक प्रमुख मागणी होती. कामगार ज्याच्यामागे होते त्याच्याशी बोलण्याचे कायदेशीर बंधन मालकांवर नव्हते. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरणगाव उद्ध्वस्त होण्यामागे इतरही कारणे होती. तरी ही गाठ सुटली असती, तर निदान बोलणी तरी झाली असती असे मला वाटते.

संपाबद्दल थोडक्यात सांगतो. नव्या संहितेनुसार कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी किमान १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते, समेटाची कार्यवाही चालू असताना संप करता येत नाही, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप मानला जातो. बेकायदा संपात भाग घेणाऱ्या कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. "उद्या सगळे सुट्टी टाकू" असा निरोप फोनवर आला, तर तो कोणी ठरवला आणि समितीच्या इतिवृत्तात आहे का, हे आधी विचारावे.

ज्यांना कारखाना नाही त्यांच्यासाठी

हमाल, कचरावेचक, घरकामगार यांना एक ठरावीक मालक नसतो, म्हणून युनियनचा उपयोग नाही असा समज आहे. अहमदाबादला १९७२ मध्ये इला भट्ट 'सेवा' या स्वयंरोजगार करणाऱ्या महिलांच्या संघटनेच्या नोंदणीसाठी गेल्या, तेव्हा मालकच नाही तर युनियन कोणाविरुद्ध, असा आक्षेप सरकारी कार्यालयाने घेतला होता. संघटना कोणाविरुद्ध असण्यापेक्षा कामगारांच्या एकजुटीसाठी असते, हे म्हणणे अखेर मान्य झाले. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. पाठीवर पोते वाहणाऱ्याची मजुरी माथाडी मंडळाकडे जमा होऊन त्याला मिळू लागली आणि मजुरीवर मालकांकडून आकारलेल्या लेव्हीतून, म्हणजे जादा रकमेतून, भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार यांची सोय झाली. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने आणि १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने ओळखपत्रापासून सुरुवात केली. अशा क्षेत्रातील नव्या माणसाने पहिल्यांदा हेच विचारावे: माझी नोंदणी कोणत्या मंडळाकडे किंवा संघटनेकडे होते, आणि ओळखपत्र कधी मिळेल?

सभासद झाल्यानंतर

वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते. तिला जेवण असते म्हणून गर्दी होते आणि हिशेब वाचायला सुरुवात झाली की पाने मांडली जातात. नव्या सभासदाने हिशेबपत्रक सभेच्या आठ दिवस आधी मागून घ्यावे, कारण तपासलेला वार्षिक हिशेब निबंधकांकडे पाठवणे संघटनेवर बंधनकारक असते आणि तो सभासदाला दाखवायला अडचण असण्याचे कारण नाही. एकूण सभासदसंख्येला वार्षिक वर्गणीने गुणून जमेच्या बाजूचा आकडा जुळतो का, ते पाहावे. मी खजिनदार असताना पहिल्याच वर्षी एका शिकाऊ मुलाने सभेत उभे राहून हा गुणाकार केला आणि बाराशे रुपयांचा फरक दाखवला. दोन पावती पुस्तके पेंट शॉपमधील एका सहकाऱ्याच्या लॉकरमध्ये राहून गेली होती. ती दुसऱ्या दिवशी मिळाली, आणि पुढच्या निवडणुकीत तो मुलगा हिशेब तपासनीस म्हणून बिनविरोध निवडून आला.